दोरीभाऊंची पन्नास फुटांची दोरी

आमच्या गावच्या ग्रामसेवकांच्या खांद्यावर कायम एक पांढरी नायलॉनची दोरी असायची. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, पण यांना सगळं गाव पाठीमागं दोरीभाऊ म्हणायचं. दोरी बरोब्बर पन्नास फुटांची. विहिरीपासून तेवढ्या अंतराच्या आत कुणी संडासाची टाकी खणली, की यांचा शिक्का पिशवीतून बाहेरच यायचा नाही.

दुसरी खोड चहाची. कुणाच्याही दारात गेले आणि पाण्याचा तांब्या पुढं आला, की यांचा हात आडवा. "पानी नको, चहा टाका. चांगला उकळा." जेवढी घरं तेवढे चहा. मी म्हणायचो, काय हावरट माणूस आहे!

मग माझंच लग्न ठरलं. सुनंदाचे वडील कोपरगावहून घर बघायला आले, परसात एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आधी संडास बांधा, मग पत्रिका छापा." माझी तिशी उलटलेली, आधीची चार स्थळं हुकलेली. मी दुसऱ्याच दिवशी घरामागं टाकीचा खड्डा खणून घेतला आणि परवानगीचा अर्ज टाकला.

दोरीभाऊ आले. दोरीचं एक टोक माझ्या हातात देऊन मला विहिरीच्या कठड्याशी उभं केलं, दुसरं टोक ताणत खड्ड्यापाशी गेले. "चार फूट कमी भरतंय, आन् पुढं शेजाऱ्याची भिंत. न्हाई जमायचं."

माझे वडील, तात्या, काकुळतीला आले. "भाऊसाहेब, दोरी जरा ढिली धरा की."

"तात्या, दोरी ढिली धरली म्हून विहीर मागं सरकंल व्हय? अर्धी आळी पिती हिचं पानी."

असा संताप आला म्हणून सांगू! मी ओरडलो, "अहो, माझं लग्न मोडेल!"

"लग्न कशाला मोडतंय? जागा हुडकू." असं म्हणून गडी दोरी ओढत सरळ आमच्या मागच्या दारातून घरात घुसला. आत्या भाकरी थापत होती, तिच्या परातीवरून दोरी गेली, पुढच्या दारातून बाहेर पडली आणि अंगणात मधोमध संपली. "हितं खणा."

"आवं, हितं लग्नाचा मांडव पडनार हाय!" तात्यांनी कपाळाला हात लावला.

"मग तर बेसच. स्लॅब भक्कम टाका. असलं बोहलं तालुक्यात सापडायचं न्हाई."

मांडव घातला त्या दिवशी ते शेवटच्या पाहणीला आले. टाकीचा वास वर सोडणारा पाईप मांडवाच्या मधोमध आलेला. बरा दिसावा म्हणून मीच त्याला आंब्याचा डहाळा बांधला होता. आत्याला दिसतं कमी. तिला वाटलं, हीच मुहूर्तमेढ! तिनं पाईपाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, डोकं टेकवलं. मागोमाग पाच सवाष्णी. मला हसावं की पळून जावं कळेना. दोरीभाऊंनी मात्र गंभीरपणे हात जोडले. "करा पूजा बिनघोर. परवानगीची हाय."

त्याच स्लॅबवर उभं राहून आम्ही एकमेकांना हार घातले. वऱ्हाडी म्हणाले, बोहलं काय मजबूत आहे!

यंदा दोरीभाऊंची नगरला बदली झाली. निरोप घ्यायला दारात आले, स्लॅबवर उभे राहिले. सुनंदा सवयीनं चहा टाकायला आत वळली.

"वहिनी, चहा नको. तांब्याभर पानी द्या."

सुनंदा उंबऱ्यातूनच मागं वळली. "उकळून देऊ का?" तिनं विचारलं.

"न्हाई. ह्या गावात आलो तवा टाक्या विहिरींना चिकटून हुत्या, म्हून भ्यायचो. आता समद्या मोजून लांब नेल्यात."

हावरट म्हणालो होतो मी या माणसाला. माझी मलाच लाज वाटली. त्यांनी उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गोड हाय की वो. आनखी द्या."