बराखीशेजारचं ऑफिस

पावणं, तुमी मगाशी इचारलंत, कांदा साठवायच्या बराखीला लागून खोली, आन् तिला फरशी आन् पडदा कशापायी. ते आमच्या सुनंचं ऑफिस हाय. हसू नका. तिथं बसून आमची वृषाली पुण्याच्या कंपनीचं काम करती. तुमी आधी च्या पिऊन घ्या, कारण मी सांगायला बसले की मला मधी थांबता येत न्हाई.

वृषाली माहेरची निमगाव साव्याची. लगीन झालं तवा ती पुण्यात नोकरीला, आन् आमचा आदेश हितं निरगुडसरात शेतीत. दोघांची भेट रविवारी व्हायची. मग लॉकडाऊन लागलं, कंपनीनं सगळ्यांना घरी धाडलं, आन् ही लॅपटॉप काखेत मारून हितं आली. तवापासनं हितंच. समृद्धी झाली, ती आता अंगणवाडीत जाती. आदेश संध्याकाळी मळ्यातनं आला की तिघं ओट्यावर बसत्यात. मला काय, तेवढं बघितलं की जेवन गोड लागतं.

तिचं काम असं. माणूस दवाखान्यात ॲडमिट झाला की त्याच्या विम्याचे कागद कंपनीकडं येत्यात. ही ते तपासती आन् पुढं सोडती. हिनं सोडल्याबिगर पेशंटची फाईल हालत न्हाई. हे कागद भलत्याच्या हाताला लागू नयेत म्हणून कंपनीनं आत जायचा एक बंदोबस्ताचा रस्ता केलाय, त्याला व्हीपीएन म्हणत्यात. नेट कुणाचंबी असू द्या, आत त्याच रस्त्यानं जायचं. तो बंद झाला की हिचं काम बंद.

तर मागच्या दिवाळीच्या आधी कंपनीचं फर्मान आलं. लॅपटॉपमधली जुनी सिस्टीम काढून सगळ्यांनी नवी टाकायची. शनिवारी दुपारी बारापातुर ज्याचं मशीन व्हीपीएनला जोडलं जाणार न्हाई, त्यानं सोमवारपासनं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, आन् ते कायमचं. हिच्या वरच्या जया मॅडम बाई चांगल्या हायेत, पण त्यांच्याबी वरच्या साहेबांना माणसं डोळ्याम्होरं बसलेली लागत्यात. त्यांना निमित्तच पायजे व्हतं, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी वृषालीनं नवी सिस्टीम टाकली. मधीच लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, मशीन बंद पडलं. लाईट आल्यावर परत चालू केलं, तर झालं सगळं नीट. नेट चालू, मेल चालू, समृद्धीचे व्हिडिओसुद्धा चालू. फकस्त व्हीपीएन जोडंना. पडद्यावर चाक फिरायचं, फिरायचं, आन् लाल अक्षरं यायची.

दुपारी ती चुलीपाशी येऊन नुसती उभी राह्यली. मी भाकरी थापत व्हते. म्हणली, "आत्या, मला पुण्याला जावं लागलं तर समृद्धीला संगं नेऊ का तुमच्यापाशी ठेवू?" माझी भाकरी तव्यावर करपली. पोरगी बापापासनं तोडायची का आयपासनं, असा सवाल व्हता तो. मी म्हणलं, "आधी जेव, आन् मग त्या मशीनची खोड मोड."

त्यात आमचे चुलत दीर, बाळासाहेब, टपकले. ह्या माणसाला कुणाच्या घरात काय बिघडलं ते वासावरनं कळतं. बसले, पाय पसरले, आन् म्हणले, "वहिनी, मी पहिल्यापासनं सांगतोय, खेड्यात बसून कंपन्या चालत न्हाईत. हडपसरला माझ्या मेव्हण्याच्या वळखीत खोली हाय, बोलू का?" मी म्हणलं, "भाऊजी, तुमाला ओसरीवर बसायला जागा दिली ती पुरंना व्हय? सुनंची खोली तिची ती बघंल. तुमी तुमच्या टोमॅटोवर औषध मारा जावा." मालक, म्हंजे आमचं हे, खाटंवर बसून व्हते. बाळासाहेब गेल्यावर मला म्हणले, "लई तोडून बोलतीस." बोलते तर बोलते.

वृषालीची एक तऱ्हा मला लई आवडती. ती रडली तरी हात थांबत न्हाई तिचा. कंपनीचा मदत करणारा एक जण फोनवर व्हता, त्याला इचारून तिनं जुनं व्हीपीएन पार उपटून काढलं आन् नव्या सिस्टीमला चालंल असं नवं टाकलं. चाक जरा पुढं सरकलं, नाव इचारलं, पासवर्ड इचारला, आन् परत लाल. मग व्हायरस अडवणारं म्हणून एक असतंय, ते बंद करून बघितलं. न्हाई, ते न्हवं. ते परत चालू केलं आन् मगच दुसऱ्या गोष्टीला हात लावला. मी म्हणलं, सगळं एकदम बदलून बघ की. म्हणली, "आत्या, सगळं एकदम बदललं तर बिघाड कशात व्हता ते कळायचं न्हाई." हिरीवरची मोटर बंद पडली की आदेश असंच करतो, आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल.

संध्याकाळी ती फोनचं नेट घेऊन गच्चीवर गेली, केबलवाल्याचं नेट खराब हाय का ते बघायला. मी खालनं हाक मारली, अंधार पडायच्या आत उतर, उसात बिबट्या हाय. उतरली. गच्चीवर पण लालच. तो मदतवाला म्हणला, मॅडम, आता लॅपटॉप घेऊन पुण्यालाच या. ही म्हणली, "मी तिकडं आले तर परत घरी जायला मिळायचं न्हाई मला, म्हणून येत न्हाई. उद्या सकाळी परत बोलू."

शनिवारी आदेश मळ्यात गेलाच न्हाई. समृद्धीला घेऊन अंगणात बसला, आन् खोलीच्या दाराकडं बघत राह्यला. मदतवाल्यानं सांगितलं, लाल अक्षरांचा फोटो काढून पाठवा. तिनं फोनवर फोटो काढला, पाठवला, आन् अक्षरं वाचायला तोच फोटो बोटांनी मोठा केला. आन् थांबली.

मला हाक मारली, "आत्या, हे बघा." फोटोखाली फोनची येळ सव्वादहा. आन् फोटोत लॅपटॉपच्या कोपऱ्यात साडेदहा वाजलेले. आता सव्वादहाला काढलेल्या फोटोत साडेदहा कसे वाजत्याल?

तिनं कपाळावर हात मारला आन् हसत सुटली. मग मला समजलं. आमचं मालक पूर्वी मंचरच्या मार्केटात मापाडी व्हते. एकदा पहाटंची एस.टी. त्यांच्या डोळ्यादेखत गेली, तवापासनं त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाव तास पुढं ठेवलं. नोकरी संपली, एस.टी.ची वाट बघणं संपलं, घड्याळ तसंच. आमी सगळी बघतो आन् मनातल्या मनात पाव तास वजा करतो. कुणी पावणं आलं तर त्यांना सांगावं लागतं, घरच्यांना सवय हाय. शुक्रवारी लाईट जाऊन आल्यावर लॅपटॉपची येळ पार भलतीच दाखवत व्हती. एरवी मशीन येळ आपसूक बरोबर करून घेतं, पण नव्या सिस्टीममधी ती सोय बंद झाली व्हती. फोन समृद्धीच्या हातात. वृषालीनं घाईघाईत भिंतीकडं बघितलं आन् तीच येळ मशीनला दिली. इतक्या वर्सांत एकदाच वजा करायची इसरली.

आन् व्हीपीएनला येळ चुकलेली चालत न्हाई, असं तिनं मला समजावलं. आत सोडायच्या आधी ते मशीनची येळ आन् आपली येळ ताडून बघतं. लई फरक असला की त्याला वाटतं, हा कुणी तरी भामटा. बाकीच्या गोष्टींना पाव तासाचं काय सोयरसुतक न्हाई, म्हणून त्या सुरळीत चालल्या.

तिनं येळ बरोबर केली, आपसूक येळ घ्यायची सोय चालू केली, आन् बटण दाबलं. चाक फिरलं. मी डोळे मिटले, खोटं कशाला सांगू. उघडले तर हिरवं. वृषाली खुर्चीवरनं उठली आन् मला मिठी मारली, पिठाच्या हाताची मला, आन् तिच्या ड्रेसवर दोन्ही पंजे उठले. अंगणातनं आदेश पळत आला. मालक दारात येऊन म्हणले, "म्हंजे माझ्यामुळं?" वृषाली म्हणली, "मामा, तुमच्यामुळं बिघडलं आन् माझ्यामुळं पण."

पर ती लगीच कामाला बसली न्हाई. आधी जया मॅडमना फोन लावला. म्हणली, "मॅडम, माझं जोडलं गेलं. पण नव्या सिस्टीमनं आपसूक येळ घ्यायची सोयच बंद केलीय, मशीन बंद पडून चालू झालं की येळ चुकती. बाकीच्यांची पण तीच अडचण असंल, घड्याळ बघायला सांगा." मॅडमनी तिला सगळ्यांच्या कॉलवर घेतलं. कोण कोल्हापूरला अडकलेलं, कोण नाशकाला, एक पोरगी तर सातारच्या पुढं कुठं तरी, बाळंतपणाला माहेरी गेलेली. ही बराखीशेजारी बसून एकेकाला सांगती, कोपऱ्यात बघा, येळ किती, आता हितं दाबा. एकेक हिरवं व्हत गेलं. त्या सातारच्या पोरीचं जुळलं तवा ती फोनवर रडायलाच लागली. मी दारात उभी राहून ऐकत व्हते. बारा वाजायच्या आत सगळी आत.

मंगळवारी संध्याकाळी वृषालीनं मला बोलावलं. मॅडमनी वरच्या साहेबांशी भांडून तिच्यासाठी एक मेल आणला व्हता. पडद्यावर सगळं इंग्रजी. मी म्हणलं, मला कुठं वाचता येतंय, तू सांग. तिनं सांगितलं, आजवर कंपनीच्या दप्तरी हिच्या कामाचं ठिकाण पुणं व्हतं, हितं बसायची ती नुसती सवलत. कुणीबी कधीबी काढून घ्यावी अशी. आता ते बदललं. आता तिथं ठिकाण म्हणून आपल्या गावाचं नाव हाय, आन् कायमचं.

मी म्हणलं, कुठं लिहिलंय, बोट ठेव. तिनं ठेवलं. निरगुडसर. मला ती अक्षरं वाचता येत न्हवती, तरी मी लई येळ बघत राह्यले, आन् मग समृद्धीला उचलून घेतलं आन् तिलाबी दाखवलं. तुझी आय आता कुठं जात न्हाई, म्हणलं.