सुळसुळीत गोधडी

मला शिवणकाम येतं, असं माझं मत होतं. लग्नाआधी धुळ्यात तीन महिन्यांचा शिवणक्लास केला होता. त्याचं प्रमाणपत्र वडिलांनी फ्रेम करून दिलं आणि ती फ्रेम मी आधी सासरी, मग सुरतेला आणि सुरतेहून शेतावर अशी सगळीकडे मिरवत नेली. शेतावरच्या घरात भिंतीला खिळा ठोकला की माती पडायची, म्हणून ती शिलाई मशीनला टेकवून ठेवली होती. जवळच्या कोसाड गावाहून ब्लाऊज शिवून घ्यायला येणाऱ्या बायका आधी फ्रेमकडे बघायच्या, मग हातातल्या ब्लाऊजकडे, आणि मग घरी जाऊन स्वतःच उसवायच्या.

शेत आमचं नव्हतं. कोसाडच्या पुढे, कॅनॉलच्या काठाला दोन बिघे जमीन, दोन खोल्या, एक विहीर आणि एक म्हैस. मालक सुरत शहरात, कतारगामला, हिऱ्यांच्या धंद्यात शिरले होते. त्यांना शेतात यायला सवड नव्हती आणि शेत विकायचं मनात नव्हतं, म्हणून त्यांनी ते आम्हाला निम्म्या वाट्याने कसायला दिलं. आमचे हे सुरतेपलीकडच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. सकाळी मोटारसायकलवर जायचे ते दिवेलागणीला परत. म्हणजे कसणार कोण, तर मी. माझे वडील सरकारी कचेरीत, घर गावाच्या मध्यावर, शेत मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. पहिल्या वर्षी वांग्यांचे मी इतके लाड केले, की पाणी घालघालून त्यांची मुळं कुजवली. म्हैस मला पहिल्या दिवसापासून ओळखून होती. दूध काढायला बसले की ती आधी मान वळवून खात्री करून घ्यायची आणि मगच लाथ मारायची.

दिवाळी झाली आणि आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अमळनेरजवळच्या गावी माझ्या थोरल्या दिरांकडे राहायच्या. आमच्याकडे याआधी दोनदा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा आठवड्यात परत गेल्या होत्या. या वेळी तर दारात पाय धुताधुताच त्यांनी सांगून टाकलं, "संक्रांत व्हयनी का मी चालनी."

मी हसून "बरं" म्हटलं, पण मनातून खट्टू झाले. मला त्या हव्या होत्या. कारण एक नव्हे, दोन होती आणि दोन्ही खरी होती. पहिलं म्हणजे गावाकडे जाऊबाई सगळ्यांना सांगत, की म्हातारी धाकटीकडे टिकत नाही. ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं. दुसरं म्हणजे मी त्या शेतावर एकटी पडले होते. माझी आई मी लहान असतानाच गेली. दिवसभर बोलायला म्हैस, आणि तिचं माझ्याविषयीचं मत वर सांगितलंच आहे. संध्याकाळी हे दमून आले की "हं" आणि "वाढ" यापलीकडे बोलायचे नाहीत. घरात कुणीतरी वडीलधारं असावं, त्याने मला नावं ठेवावीत, अशी मला अक्षरशः भूक लागली होती.

ती भूक आत्याबाईंनी पहिल्याच सकाळी भागवली. माझा चहा पाणचट, माझी भाकरी जाड, माझ्या वालपापडीच्या वेलांना आधार नाही. एवढं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "माले आठे झोप येत नही." मी विचारलं, का? तर रात्रभर कॅनॉलवरून गार वारा येतो आणि आमच्याकडचं ब्लँकेट अंगाला टोचतं. गावी त्यांची गोधडी होती. गोधडीशिवाय त्यांना झोप लागत नसे.

मी त्या क्षणी ठरवलं, की आपण गोधडी शिवायची. साधीसुधी नाही, अशी की म्हातारी तिच्यात गुरफटून बसली पाहिजे आणि संक्रांत आली तरी तिने बाहेर निघता कामा नये.

कापडाची तर घरात पेवं भरली होती. ह्यांच्या कारखान्यातून छापाईत बिघडलेले तुकडे घरी यायचे. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन, चकचकीत साटीन. पलंगाखाली गाठोडी, कपाटावर गाठोडी, म्हशीच्या गोठ्यात एक गाठोडं. सुरतेत राहून मी सुती साडी नेसणं केव्हाच सोडलं होतं. माहेरी गेले की मैत्रिणी माझ्या झुळझुळीत साडीला हात लावून बघायच्या आणि मी "अगं, आमच्याकडे हे असंच असतं" म्हणून मान तिरकी करायची. गोधडीही अशीच करायची ठरवली. एका मासिकात चांदण्यांची नक्षी होती, ती उतरवून घेतली. निळ्या साटीनवर सोनेरी चांदण्या, कडेला गुलाबी झालर, आणि आत भरायला नायलॉनच्या चिंध्या. हातशिलाई कोण करत बसणार, माझ्याकडे मशीन होतं, प्रमाणपत्र होतं. मशीनच्या सुया मोडत गेल्या, मी बदलत गेले. शेवटी थर इतका जाड झाला, की आत्याबाईंना पलीकडून कापड ओढायला बसवावं लागलं.

त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या ओढत राहिल्या. त्यांचं गप्प बसणं मी कौतुक समजले.

गोधडी झाली तेव्हा मी ती अंगणात दोरीवर टाकली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावी. उन्हात तिच्याकडे बघवत नव्हतं, इतकी ती चमकत होती. रात्री आत्याबाईंच्या अंगावर घातली आणि मी निश्चिंत झोपले.

सकाळी पाहते तर गोधडी जमिनीवर आणि आत्याबाई खाटेवर मुटकुळं करून. मला वाटलं, झोपेत लाथ बसली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिची दोन टोकं खाटेला बांधली, तर ती मधूनच घसरून एका बाजूला लोंबत होती. शिवाय ती अंगावर ओढली की चटचट आवाज व्हायचा आणि आत्याबाईंचे पांढरे केस उभे राहायचे. चौथ्या सकाळी त्यांनी ती दोन बोटांत धरून माझ्यापुढे आणली.

"हाई गोधडी शे का मासा?"

हे चूळ भरत होते, त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "आत्याबाई, वापरून वापरून बसेल ती अंगाला." त्या म्हणाल्या, "म्हैसले घाल."

मला वाटलं रागाने म्हणाल्या. पण दुपारी मी विहिरीवरून आले तर म्हैस खरंच माझी गोधडी पांघरून उभी होती, पोटाखालून सुतळीने बांधलेली, झालर गळ्याशी. आणि तिला ती शोभत होती, हे कबूल केलं पाहिजे. तिच्या अंगावरून गोधडी घसरतही नव्हती. त्याच दिवशी मालकांच्या बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, पापडी घ्यायला कतारगामहून आल्या. फाटकातच थबकून म्हणाल्या, "अरे, भेंसने साडी पहेरावी?" मी सांगितलं, थंडी फार आहे ना. डिसेंबरातल्या सुरतेत, भर दुपारी, कपाळावरचा घाम पुसत. काकींनी पापडी घेतली आणि वर्षभर ही गोष्ट अख्ख्या कतारगामला सांगितली.

मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. फ्रेम उलटी करून ठेवली. संक्रांत जवळ येत होती. आत्याबाई अजूनही मुटकुळं करून झोपत होत्या आणि गोधडी हा आमच्या घरातला चेष्टेचा विषय झाला होता.

मग एक दिवस त्या स्वतःच अंगणात चटई टाकून बसल्या आणि मला हाक मारली. म्हणाल्या, गोधडीला जुनं सुती लागतं, वापरून मऊ झालेलं. घरात काय आहे ते काढ. मी सगळं घर उपसलं. जुनं सुती असं आमच्या घरात भांडी पुसायचं एक फडकं निघालं, आणि ह्यांचं बनियन. मी म्हटलं, बाजारातून नवीन सुती कापड आणते. त्यांनी मान हलवली, कोरं कापड अंगाला लागत नाही म्हणाल्या. मग आत गेल्या आणि आपलं एक लुगडं घेऊन आल्या. गर्द हिरवं, नऊवारी, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. माझ्या हातात कात्री दिली.

"काप," म्हणाल्या.

आता कुणाला वाटेल, की आत्याबाई गोधडी शिवण्यात वाकबगार असतील. अजिबात नाही. गावाकडच्या गोधड्या जाऊबाई शिवायच्या. आत्याबाईंचा टाका एक इकडे, एक तिकडे, आणि सुईत दोरा ओवायला त्यांना दिसत नसे. मी ओवून द्यायची, त्या शिवायच्या, आणि मग माझेच टाके वाकडे आहेत म्हणून मला ऐकवायच्या. पण मला ते दिवस फार आवडले. चटईच्या एका टोकाला त्या, एका टोकाला मी, मधे पसरलेलं लुगडं. मांजा तुटलेले पतंग येऊन शेवग्यावर अडकत होते. त्या मला ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, आणि संध्याकाळी ह्यांनी विचारलं, की कसल्या हसताय, तर दोघीही सांगायचो नाही.

हिरवं लुगडं संपलं. त्यांनी गोधडी हातात धरून तोलली आणि म्हणाल्या, "पातळ व्हयनी. आखो एक थर टाक." दुसरं लुगडं आलं, जांभळं. मग परत पातळच वाटली, मग तिसरं. मला काळजी वाटायला लागली ती नक्षीची. हिरव्यावर जांभळं, त्याखाली विटकरी, रंगांचा काही मेळच नव्हता. मी म्हटलंसुद्धा, "आत्याबाई, आता पुरे, फार जाड होतेय, सुई जात नाही." त्या म्हणाल्या, "तुले काय समजस? थंडी माले वाजस." संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी अंगावरचं, चांगल्यातलं, येताना गाडीत नेसून आलेलं लुगडंही सोडून दिलं. माझा परकर आणि माझी एक पोपटी जॉर्जेटची साडी नेसल्या. पदर खांद्यावर ठरेना, मग मी पिन लावून दिली. वाटलं, म्हातारीला गोधडीचं वेडच लागलं.

गोधडी मात्र झाली. रंग बघवत नव्हते, टाके बघवत नव्हते. त्या रात्री आत्याबाई पाय लांब करून झोपल्या आणि सकाळी उन्हं अंगावर आली तरी उठल्या नाहीत. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आले.

संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी थोरले दीर न्यायला आले. मी त्यांना दादा म्हणते. दुपारची गाडी होती, म्हणून हेही रजा घेऊन घरी थांबले होते. चहा झाला, तिळगूळ झाला, दादा घड्याळाकडे बघून म्हणाले, "माय, चाल, गाडी निघी जाई."

आत्याबाई चुलीपुढे पापडी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय नेसीसन येऊ?"

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. पोपटी जॉर्जेट, पिन लावलेला पदर, खालून दिसणारा माझा परकर. मग खाटेवरच्या गोधडीकडे पाहिलं, हिरवी, जांभळी, विटकरी, आणि वर ते चांगल्यातलं लुगडं. ती सगळी लुगडी त्यांनीच तर घेऊन दिलेली. पायात सरकवलेल्या चपला काढून ते परत खाली बसले.

आणि मी, जिला दिवाळीपासून हीच एक गोष्ट हवी होती, जिच्या त्या खटपटीत म्हशीच्या अंगावर साटीन चढलं होतं, ती मी लगबगीने उठले आणि म्हणाले, "अगं बाई, त्यात काय, आत्याबाई! मी आत्ता ह्यांच्याबरोबर मोटारसायकलवर जाते, बाजारातून तयार नऊवारी घेऊन येते. गाडीला अजून वेळ आहे."

हे माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी घराला काडी लावली. दादा खाली बघून हसत होते. आत्याबाईंनी पापडीची शेंग मोडली, दाणे काढले, आणि फार दमल्यासारख्या आवाजात मुलाला म्हणाल्या, "देख भाऊ. हिले इतलंबी समजत नही. हिले एकली कशी सोडू?"

दादा एकटेच त्या गाडीने गेले.