शिरीषचं गोळ्या भरायचं टेबल

काही माणसं जगभर फिरून येतात आणि किस्से आणतात. आमचा शिरीष गॅरेजच्या बाहेर पडला नाही, तरी गेल्या चार-पाच वर्षांत त्याच्या नावावर भरपूर जमलेत. शनिवारी इथे टेक्सासमध्ये, प्लेनोत कुणाकडेही जेवायला गेलो, की ग्रीन कार्ड आणि मुलांच्या शाळा हे विषय उरकल्यावर कुणीतरी म्हणतंच, "ए, शिरीषच्या टेबलाचं सांग ना." सांगायचं काम माझ्याकडे येतं, कारण त्याची बायको मंजिरी माझ्या ऑफिसात आहे आणि त्यांचं घर आमच्या मागच्याच रस्त्यावर. शिरीष स्वतः नुसता हसतो आणि पापड मोडत बसतो.

सुरुवात वेनमुळे झाली. वेन म्हणजे त्यांचा शेजारी, शाळेत मुलांना ट्रंपेट शिकवून रिटायर झालेला. तो एकदा शिरीषला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. बाकीचे लोक निशाणाकडे बघत होते आणि शिरीष वाकून खाली पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उचलत होता.

"ह्यांचं पुढे काय होतं?" त्यानं विचारलं.

"काही जण घरी नेऊन परत भरतात," वेन म्हणाला.

नागपूरचा मेकॅनिकल इंजिनिअर, अमेरिकेत आल्यापासून नुसतं सॉफ्टवेअर टेस्ट करत बसलेला. त्याला एवढं पुरलं. थोड्याच दिवसांत मंजिरीची गाडी गॅरेजमधून बाहेर ड्राइव्हवेवर आली आणि तिच्या जागी टेबल उभं राहिलं. शिरीष सिटिझन झाला होता, आम्ही बरेचसे अजून व्हिसावर, आणि तशा लोकांना बंदूक-गोळ्या बाळगायला इथे कायद्यानं बंदी. म्हणून आमच्यासाठी त्यानं नियम केला: बघायचं, विचारायचं, पण बंदूक, गोळी, बंदुकीची दारू कशालाच हात लावायचा नाही. आम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचो, म्युझियममध्ये आल्यासारखे.

* * *

टेबल त्यानं स्वतः ठोकलं. जाड फळी, जाड पाय, आणि पुढच्या कडेला बोल्टनं बसवलेला प्रेस. चकलीच्या सोऱ्याला लांब दांडा लावला तर कसा दिसेल, तसं ते यंत्र. दांडा खाली ओढला की बार उडून फुगलेली पुंगळी पुन्हा मापात येते. पहिल्यांदा त्यानं दांडा ओढला तेव्हा पुंगळी होती तशीच राहिली आणि टेबलाचे मागचे दोन पाय वर उचलले गेले.

वेन म्हणाला, भिंतीला बोल्ट कर. मंजिरी म्हणाली, माझ्या भिंतीला भोकं पाडायची नाहीत. मग खालच्या फळीवर वजन ठेवायचं ठरलं. घरात सगळ्यात जड काय होतं, तर अर्विंगच्या इंडियन दुकानातून आणलेली तांदळाची पोती. ती खाली रचली आणि टेबल जाग्यावर बसलं.

पुढे एका रविवारी शिरीष वैतागून जेवायला आत आला. "काहीतरी लूज झालंय, यार. सगळे बोल्ट चेक केले, तरी टेबल परत उचलतंय."

मंजिरी वाढत होती. तिनं त्याच्या पानातल्या भाताकडे बघितलं.

"आता तिसऱ्यांदा घेतोयस," ती म्हणाली.

* * *

मग वजनकाटा आला. एवढासा, काड्यापेटीहून थोडा मोठा, पण कागदावर पेन्सिलीनं नाव लिहिलं तरी फरक दाखवेल म्हणे. वजन ग्रॅममध्ये नाही, ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे दाणा. हे कळल्यावर मला राहवेना. कुठला दाणा?

काटा नवाकोरा होता, अजून त्याला दारूचा कणही लागला नव्हता, म्हणून शिरीषनं परवानगी दिली. आम्ही स्वयंपाकघरातून डबे आणले. बासमतीचा दाणा बसला नाही, फार हलका. गव्हाचा जवळपास गेला, पण कमीच पडला. मोहरीच्या एका दाण्याची तर, एवढ्या बढाया असूनही, काट्यानं दखलच घेतली नाही. मग मंजिरीची चमकी झाली, माझा एक केस झाला. जेवणाची वेळ टळून गेली.

तेव्हा मंजिरीची आई पुण्याहून आलेली होती. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. त्या सोफ्यावरून हे बघत होत्या. माझ्या नवऱ्यानं त्यांना गळ घातली, "मावशी, तुमच्या हातचं चिमूटभर मीठ टाका. बघू तुमचा अंदाज."

मावशींनी चिमूट टाकली. पुन्हा टाकली. तिसऱ्यांदाही टाकली. तिन्ही आकडे वेगळे आले, थोडेथोडके नाही, चांगलेच वेगळे. आम्ही जरा ओशाळलोच.

मावशींनी हात झटकले. "मग? भाजीसुद्धा रोज कुठे सारखी होते?"

* * *

मावशींनी आल्या आल्या आणखी एक घोळ निस्तरला होता. फोनवर मंजिरीनं त्यांना सांगितलं होतं, "शिरीष हल्ली घरी गोळ्या भरतो." पुण्यात सगळ्या नातेवाइकांची समजूत झाली की जावयानं औषधांचा धंदा सुरू केला. एका मावसबहिणीनं ब्लडप्रेशरची गोळी स्वस्तात मिळेल का, असंही विचारून ठेवलं होतं.

गॅरेजमध्ये बादलीभर काळपट पुंगळ्या बघून मावशी थबकल्या. "पितळ आहे ना हे? आणि असं ठेवलंय?"

पितळ साफ करायचं मशीन शिरीषनं ऑर्डर केलं होतं, पण ते यायचं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर मावशींनी हातमोजे घालून, मीठ-चिंचेनं अख्खी बादली घासून काढली होती, आणि ड्राइव्हवेवर जुन्या साडीवर ओळीनं पुंगळ्या वाळत घातल्या होत्या. टेक्सासच्या उन्हात डोळे दिपत होते. वेन कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्यानं एक पुंगळी मागितली, आत बघितलं, बाहेरून बघितलं.

"काय वापरलं?" त्यानं विचारलं.

मंजिरीनं चिंचेचा गोळा आणून दाखवला. वेननं त्यातली थोडी तोडून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि म्हणाला, "ही तुम्ही खातासुद्धा?"

* * *

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. तो मी जेवणं झाल्यावर सांगते.

एका रविवारी शिरीष पुंगळ्यांमध्ये दारू भरत होता. मध्येच भारतातून फोन आला, मिनिटं मोजून बोलायच्या कॉलिंग कार्डवरून, म्हणून घाईघाईनं घेतला. बोलणं झालं, तो परत कामाला लागला, सगळं पुरं करून डब्यात भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती. डबा घेऊन रेंजवर निघाला आणि गाडीपाशी थांबला. फोनच्या आधी आपण नक्की कुठल्या पुंगळीपर्यंत आलो होतो, ते त्याला आठवेना.

एखादीत दारू पडलीच नसेल तर गोळी नळीत अडकते. एखादीत दोनदा पडली असेल तर बंदूक हातात फुटू शकते. आणि बाहेरून वजन करून खात्री होत नाही, कारण पुंगळ्यांची वजनंच सारखी नसतात.

तो मागे फिरला. गोळी उलटी बाहेर काढायला एक पोकळ हातोडा मिळतो. त्यात एकेक बसवून आपटायची. दिवसभर गॅरेजमधून ठकठक येत राहिली. मंजिरी दाराशी येऊन उभी राहायची आणि परत जायची. मी फोन केला तर म्हणाली, "हात सुजलाय त्याचा. पण थांब म्हणवत नाही मला."

संध्याकाळी वेन आला. "सापडली का?"

"नाही. सगळ्या बरोबर होत्या."

"अरेरे. मग दिवस वायाच गेला."

"बरोबर होत्या, हे आत्ता कळलं," शिरीष म्हणाला.

हे टेबल कधी काढणार, असं मंजिरी रोज विचारायची. त्या दिवसापासून तिनं विचारलं नाही.

* * *

खंडेनवमीला मंजिरी गाड्यांची, कॉम्प्युटरची, मिक्सरची पूजा करते. त्या वर्षी तिनं प्रेसलाही हळदकुंकू लावलं आणि दांड्याला झेंडू बांधला. वेन काहीतरी परत द्यायला आला होता. त्यानं टोपी काढली आणि हे कशासाठी, असं विचारलं. मंजिरीनं जमेल तसं इंग्लिशमध्ये सांगितलं, की ज्या हत्यारांवर आपलं काम चालतं त्यांना वर्षातून एकदा थँक्यू म्हणायचं.

वेन मान हलवून गेला. थोड्या वेळानं पुन्हा बेल वाजली. दारात वेनच, छातीशी टॉवेलात गुंडाळलेली काळी पेटी.

पेटीत त्याचा ट्रंपेट होता. "उशीर तर नाही ना झाला?" त्यानं विचारलं.

* * *

आता नानांचा. नाना म्हणजे शिरीषचे वडील. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे नागपूरहून आले होते.

नानांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात झाली. तिथे ते काय करत, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. शिरीषनं लहानपणी विचारलं की म्हणायचे, "नोकरी." मोठेपणी विचारलं तर, "होती एक नोकरी." शिरीषला माहीत होतं ते कारखान्याच्या फाटकापर्यंतचं. नाना डबा विसरले की तो सायकलवरून द्यायला जायचा. फाटकाशी माणसं रांगेत उभी असायची. खिशातलं सगळं काढून ठेवायची, पहारेकऱ्याला झडती द्यायची, आणि मग एकेक जण आत जाऊन दिसेनासा व्हायचा.

प्लेनोत आल्यावर नाना गॅरेजकडे फिरकलेच नाहीत. शिरीषनं बोलावलं तर म्हणाले, गुडघे दुखतात. एरवी रोज तळ्यापर्यंत चालून येत होते.

"त्यांना आवडलेलं नाही," शिरीष मला म्हणाला. "ते आहेत तोवर आवरून ठेवतो सगळं."

"विचार तरी त्यांना," मंजिरी म्हणाली.

"आजवर विचारून काय कळलंय?"

त्या दिवशी मी इडलीपात्र परत द्यायला गेले होते. शिरीष गॅरेजमध्ये खरंच आवराआवर करत होता. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराशी मी आणि मंजिरी बोलत उभ्या होतो. नाना आतून आले, तशा आम्ही बाजूला झालो.

दाराजवळ वॉशिंग मशीन आहे. नानांनी त्यावर आधी कंगवा ठेवला, मग घराची किल्ली, मग चष्म्याचं घर. मनगटावरचं घड्याळ काढून त्याशेजारी ठेवलं. चपला काढल्या. मग उंबऱ्याशी आले आणि दोन्ही हात बाजूला पसरून, समोर बघत उभे राहिले.

शिरीषच्या हातात खोकं होतं. त्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग खोकं खाली ठेवून पुढे आला. वडिलांच्या काखेपासून कमरेपर्यंत त्यानं दोन्ही हात हळूच फिरवत आणले. एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला.

"जा," तो म्हणाला.

नाना आत गेले.