आड बुजण्याआधी अंबाजोगाईला

१९ मे, रविवार. सकाळी सहाच्या एसटीने बीडहून निघालो. मांजरसुंब्याला चहा, नेकनूर, केज, आणि साडेनऊपर्यंत अंबाजोगाई. दुपारी तीनच्या गाडीने परत. दिवसभरात एवढेच झाले.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचे. तिकीट शंभराच्या आत आहे. खिडकी डाव्या बाजूची घ्या, सकाळी ऊन लागते पण घाट चांगला दिसतो. मे महिन्यात पाण्याची बाटली घरून भरून न्या. यंदा हॉटेलवालेही पाणी मागितले की आधी चेहरा बघतात. केजच्या पुढे रस्त्यालगत चारा छावणी होती. तिथे गुरे होती आणि गुरांजवळच बाजा टाकून माणसे राहत होती. ज्या पट्ट्यात मी कायम ऊस पाहिला, तिथे नुसती ढेकळे होती.

अंबाजोगाईला लोक योगेश्वरीच्या दर्शनाला जातात, हत्तीखाना लेणी बघतात. तुम्हीही बघा. मी मात्र जुन्या गावातल्या एका गल्लीत गेलो. तिथे माझ्या बायकोचे, सुमनचे माहेर आहे. ती जानेवारीत गेली.

या गल्लीत सात घरे होती. सगळी माळवदाची, म्हणजे सागवानी तुळयांवर मातीचे सपाट छत. दोन घरांत मिळून एकच भिंत, त्यामुळे एक घर पाडले की शेजारचे उघडे पडते. सगळ्यांनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. घरे पाडून चार मजली इमारत करायची आणि प्रत्येकाने एक फ्लॅट घ्यायचा. सहा घरांच्या सह्या तीन वर्षांपूर्वीच झाल्या. अडले होते सुमनच्या सहीपाशी. माहेरच्या घरातला हक्क सोडायला तिची ना नव्हती. तिचे एकच म्हणणे होते, "अंगणातला आड ठेवा, मग सही करते." तिच्या लहानपणीच्या दुष्काळात अख्खी गल्ली त्या आडावर जगली होती.

तिच्या चौदाव्याच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ दिनकर कागद घेऊन आला. घर पाहुण्यांनी भरलेले होते. तो हळू आवाजात म्हणाला, "दाजी, आता तुमची आन् पोरीची सही लागती." मी सही केली. पुण्याच्या मुलीलाही करायला लावली. आडाचे बोलायचे मनात होते, पण चार माणसांत अट घालणे मला जमले नाही. ते बोलायला मी आता, चार महिन्यांनी चाललो होतो.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. पाच घरे भुईसपाट झाली होती, सहाव्याच्या भिंती पडत होत्या. युसूफ वडगाव या गावाहून आलेले दोघे शेतकरी ट्रॉलीत माती भरत होते. जुन्या घरांची पांढरी माती आमच्याकडे पेरणीआधी रानात टाकतात, पीक चांगले येते म्हणून.

"हळू बे, दगडं कावून भरायलास? रानात टाकायची का घाट बांधायचा?"

"लई धूर खाल्लेली माती हाय ही," दुसरा मला म्हणाला. "शंभर वर्सं चुली पेटल्या हितं. आता फकस्त पाऊस पायजे."

सुमनचे घर शेवटचे, अजून उभे होते. दारे-चौकटी निघाल्या होत्या. दिनकर अंगणातच होता. मी म्हणालो, "दिनकर, आड तेवढा ठेवता येईल का?"

त्याने घडी केलेला नकाशा उघडून बोट ठेवले. "इथं खांब येतोय, दाजी. नकाशा पास झाला. बुधवारी बुजवायचा हाय." आणि नकाशाची परत घडी घालत, "तवाच बोलायचं की. तवा बदलता आलं असतं."

तेवढ्यात शेजारच्या पाडलेल्या घरातल्या शांताबाई घागर घेऊन आल्या. त्या आता कोपऱ्यावर भाड्याच्या खोलीत राहतात, पण पाणी याच आडाचे नेतात. त्यांनी मला ओळखले.

"सुमीचे मालक नव्हं तुमी? सुमी असती तर आड बुजू दिला नसता. तिच्या जागी सही कुनी केली म्हनं?"

"मी केली."

त्या आडाकडे वळल्या. पोहरा आडात सोडला. दोर बराच खाली गेला, पण पोहरा भरून आला. "बाटली हाय का? आना हिकडं," म्हणाल्या. माझी बाटली भरून दिली, मग घागर भरली आणि गेल्या.

स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी आणि पिठले चांगले मिळते. अर्धी भाकरी ताटात राहिली, तो दोष खानावळीचा नाही.

जुने माळवद पाहायचे असेल तर अंबाजोगाईत अजून काही गल्ल्या आहेत. लवकर जा. आणि कोणाला काही सांगायचे राहिले असेल तर माणसे भोवती असताना सांगा, सगळे उठून गेल्यावर नव्हे. मला एवढेच कळले, तेही उशिरा.

संध्याकाळी घरी पोचलो. आमच्याकडे नळ बारा दिवसांनी येतो. बाटली भरलेलीच होती, वाटेत मी ती उघडली नव्हती. एक वाटी तांदूळ धुऊन घेतले. सुमन बोटाच्या पेराने पाणी मोजायची, तसे पहिल्या पेरापर्यंत आडाचे पाणी ओतले आणि कुकर लावला.