दाजींची छाटणी, माझी तोडणी

दाजी गेल्याचा फोन भाच्याने सकाळी केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "छाटणी झाली का रे?" लाज वाटावी असा प्रश्न; पण दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराच्या घरी ऑक्टोबरात दुसरं काही सुचतच नाही. "अर्धी झालीय, मावशी," तो म्हणाला आणि रडायला लागला. दाजी बागेतून चहाला घरी आले, खुर्चीत टेकले आणि... संपलं. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळं आयुष्य द्राक्षांत गेलं आणि आजारपणात एक दिवसही घालवला नाही.

आमच्या दोघांत जे काही घडलं, ते एका चित्रापायी. काही वर्षांपूर्वी अक्काचे डोळे दाखवायला आम्ही तिघं मुंबईला गेलो होतो. हाताशी वेळ उरला म्हणून मी दोघांना वस्तुसंग्रहालयात नेलं. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेली बाई मी. तिथलं एक फ्रेंच तैलचित्र माझ्या खास मर्जीतलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. उतारावर द्राक्षमळा, ओळींत वाकलेली चार माणसं, वर भिजकं करडं आभाळ. त्या आभाळातले रंग मी रंगात येऊन समजावत होते आणि दाजी मात्र नाक कॅनव्हासला लागेल इतके वाकलेले! "ही माणसं काय करत्यात?" त्यांनी विचारलं. "द्राक्षांची तोडणी," मी म्हणाले. "तोडणी नाय, छाटणी हाय ही. पण भुरभुर पावसात छाटणी? रोग पडंल ना बागेवर! चित्रवाल्याला शेतीतलं काय बी कळत नाय." पहारेकरी हसला आणि माझा पारा चढला. "दाजी, चित्र असं बघायचं नसतं," मी फटकारलंच. ते मागे सरकले. निघताना मात्र त्याच चित्राचं कार्ड त्यांनी विकत घेतलं आणि म्हणाले, "नाव लिहून दे यावर. तुझं अक्षर लय भारी हाय." मी झोकात लिहिलं, 'द्राक्षांची तोडणी, फ्रान्स'.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. जवळच्या वायनरीत फ्रान्सहून कुणी पाहुणा आला होता, त्याला त्यांनी दुभाषा घेऊन गाठलं होतं. "मास्तरीणबाई, मीच चुकलो. आपल्यावानी दोनदा छाटणी नसती तिकडं. एकदाच करत्यात, भर थंडीत, वेल झोपलेली असताना. तवा पावसानं काय बिघडत नाय. चित्रवाला खरा हाय. मी उगाच बोललो त्याला." फोन ठेवून मी कपाटातून ते चित्र असलेलं पुस्तक काढलं. वेलींवर पान नाही, घड नाही. टोपली तर औषधालाही नाही. एक बाई काड्या गोळा करतेय... आणि मी इतकी वर्षं मुलांना तोडणी म्हणून सांगत आले होते! कधीच्या मेलेल्या चित्रकारापुढे दाजींनी चूक कबूल केली आणि समोरच्या दाजींपुढे माझी जीभ काही रेटली नाही. दर दिवाळीला ठरवायचे, या वेळी सांगून टाकायचं. फराळ व्हायचा, गप्पा व्हायच्या, मी नाशिकला परत यायचे.

दहाव्यानंतर भाच्याबरोबर बागेतल्या खोलीत गेले. खिळ्याला दाजींची कात्री आणि शेजारी ते कार्ड, माझ्या सुबक अक्षरासकट. "मजूर दर वर्षी म्हणायचे, अण्णा, ही तर छाटणी हाय," भाचा सांगत होता. दाजींना तिथे सगळे अण्णाच म्हणायचे. "अण्णा म्हणायचे, असू द्या. आमच्या मास्तरीणबाईचं अक्षर हाय. खोडायचं नाय." तोपर्यंत मी चारचौघांत रडले नव्हते. तिथे मात्र पोटभर रडले.

बाहेर मजूर आले होते. भाच्याने खिळ्यावरची कात्री काढली आणि राहिलेल्या ओळींकडे गेला. मी पर्समधला पेन काढला. जुनं काही खोडलं नाही. त्यांनीच बजावून ठेवलं होतं. त्याच्याखाली, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं, 'ही छाटणी आहे. दाजी बरोबर होते.'