दोन उजव्या बाह्या

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात मुख्तारचाचांचं शिलाईचं दुकान ओळखायला पाटी लागत नसे. शिवून झालेले सगळे कपडे तारेवर उलटे टांगलेले असत. शिवणी, अस्तर, दोऱ्याच्या गाठी, सगळं बाहेर. "चाचा, सुलटं लावा की. भंगाराचं दुकान वाटून राहिलंय," असं शेजारचा चहावाला रोज म्हणायचा आणि चाचा रोज तेच उत्तर द्यायचे, "वरची बाजू माणसं बघत्यात. आतली तो बघतो. त्याच्यासाठी टांगलंय."

'तो' म्हणताना ते आभाळाकडे बोट करत नसत. सुईत दोरा ओवता ओवता बोलत, जणू तो समोरच्या स्टुलावरच बसला आहे.

नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. शिवणाचा क्लास केला होता, पण टाकलेल्या बाईला कोण कामावर ठेवणार? चाचांनी ठेवलं. ब्लाउजचं सगळं कटिंग माझ्याकडे दिलं आणि एकच नियम सांगितला. गिऱ्हाइकाच्या कापडाची कतरण, अगदी बोटभर असली तरी, पुडी बांधून कपड्याबरोबर परत द्यायची.

शुक्रवारी नमाजला निघण्याआधी चाचा मशीन थांबवून पायरीवर डोळे मिटून बसत. पाच-सात मिनिटं. उठले की आठवड्यातली आपली चूक मोठ्यानं सांगत, मग दुकानात मी असो की अख्खा बाजार. एकदा म्हणाले, "हेडमास्तरला सांगितलं, पँट इस्त्रीला टाकली. अजून कापलीच न्हाई." सगळ्या जगातले शिंपी हेच सांगतात, असं मी म्हटलं. तर हा माणूस हेडमास्तरांच्या घरी जाऊन कबूल करून आला. हेडमास्तर वैतागून म्हणाले, "चाचा, माफी नको, पँट द्या." ही गोष्ट मी पुढं कितीतरी जणांना हसत हसत सांगितली.

आता जे सांगायचं आहे ते मात्र हसत सांगता येत नाही.

गयाबाई नावाच्या एका मोठ्या, खटल्याच्या घरच्या बाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. त्यांची थोरली सून सुनीता लातूरहून ब्लाउजसाठी जरीचं कापड घेऊन आली होती. मी ते कापायला घेतलं. जरीच्या कापडाला सुलटी आणि उलटी बाजू असते, म्हणून ते दुमडून बाह्या कापतात. मग एक उजवी निघते, एक डावी. माझं लक्ष नव्हतं. एकेरीच अंथरलं आणि बाहीच्या मापाचा तोच कागद दोनदा ठेवून कात्री चालवली. दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या. उरलेल्या कापडात तिसरी बसेना.

दिवस शुक्रवारचा. चाचा नमाजला गेलेले, आणि नेमक्या तेव्हाच गयाबाई सुनेला घेऊन आल्या. मला वाटलं, काम जाईल, आधीच टाकलेली म्हणून बोलतात, त्यात आता हेही. बाह्या मी मशीनच्या खणात सारल्या आणि म्हणाले, "मावशी, कापड कमी भरलं. बाह्या निघत नाहीत."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वळून सुनेकडे पाहिलं.

"मी पुरं आनलंय, आत्या," सुनीता सासूला एवढंच म्हणाली. तिच्या कडेवर तीन वर्षांची पोर होती. गयाबाईंनी राहिलेलं कापड उचललं आणि दोघी गेल्या.

चाचा आल्यावर त्यांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "कतरण दिली?" मी म्हणाले, "उरलीच नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मग "हाव," म्हणत मान डोलावून मशीनवर बसले. सुनीतानं पोरीच्या झबल्यासाठी कापड चोरलं, असं पुढच्या बाजारापर्यंत गावभर झालं होतं. मी काजं करत होते, कान उघडे होते, तोंड मिटलेलं होतं. त्या बाह्या जाळायचाही धीर झाला नाही. घरी ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या.

पुढं मी लातूरला स्वतःचं दुकान टाकलं. चाचांचंच बघून कपडे उलटे टांगले, कतरण परत द्यायला लागले, आणि सचोटीची बाई म्हणून माझं नाव झालं. असं कुणी म्हणालं की मला ती ट्रंक आठवायची. तरी चौदा वर्षं मी ते नाव मिरवलं.

गेल्या वर्षी चाचांचा निरोप आला. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी उशाखालून आपली मोठी कात्री काढली. "ही कैची तुला, मंगल बेटी."

माझा हात पुढं होईना. रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. बाह्या, खण, खोटं.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं," चाचा म्हणाले. "जरीचं कापड कापलं आन कतरण न्हाई, असं व्हतंय का?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "तुझं काम जाईल वाटलं. आन खरं सांगू? मी किती मोठ्या दिलाचा, झाकून घेतो, असं बी वाटलं. दर शुक्रवारी बारीकसारीक कबूल केलं. हे तेवढं ऱ्हायलं. हे मला गुनाह वाटलाच न्हाई, बेटी. चांगुलपणा वाटला. आता डोळे गेले तवा दिसून राहिलं."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी हात झटकला. "माझी माफी घेऊन काय करशील? बाह्या हायत ना? उद्या घेऊन ये. मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी रिक्षातून आम्ही सुनीताच्या दारात उतरलो. गयाबाई वारून दोन वर्षं झाली होती. सुनीताच्या कानशिलावरचे केस पिकले होते. चाचांनी भिंतीला धरून उभ्यानंच हात जोडले आणि आधी आपलं सांगितलं, मग मी माझं. मी बाह्या पुढं केल्या.

तिनं त्या एकावर एक ठेवल्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या.

"त्या दिवशी घरी गेल्यावर," ती हळू आवाजात म्हणाली, "आत्यानं माझ्या पोरीच्या अंगातलं झबलं काढून उलटं करून बघितलं. जरीचा तुकडा आत शिवलाय का म्हणून. पोर उघडी उभी व्हती. सगळ्या पाहुण्यांत."



सुनीतानं खुर्ची ओढली. "चाचा, बसा तुम्ही." मला बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले, आणि ते बरोबरच होतं. निघताना मी बाह्यांकडे पाहिलं तर ती म्हणाली, "ह्या ऱ्हाऊ द्या. पोरगी लातूरला क्लासला असती. रविवारी येईल तवा दाखवायच्यात. तिला बी वाटत असंल, आपली आई चोर."

 परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर चाचा म्हणाले, "जन्मभर सांगत आलो, तो सगळं बघतो. त्याला ठाऊक हाय म्हणून आपुन गप बसलो. त्यानं येऊन गयाबाईला सांगायचं व्हतं व्हय? सांगायचं तर आपल्यालाच व्हतं."

दोन महिन्यांनी चाचा गेले. त्यांच्या मुलानं कात्री आणून दिली. ती दुकानात आहे, मी ती रोज वापरते. शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी बाही कापायला लावते आणि कापताना ही सगळी गोष्ट सांगते, माझ्या नावासकट. ऐकून त्या माझ्याकडे वर बघत नाहीत, खाली कापडाकडे बघत राहतात. मीही तिकडेच बघते.