वहिनीसाठी पुण्यात मेक्सिकन जेवण शोधताना

मंडळी, आज आष्टीहून पुण्याला गेलतो. माझी वहिनी मेक्सिकोतल्या ओहाका भागातली. तिला दिवस गेलेत अन् अन्न पोटात ठरत न्हाई. ‘अस्सल मेक्सिकन’ पाटी बघून हॉटेलात शिरलो.

एका घासातच तिनं ताट सरकवलं. “हे आमच्याकडचं न्हाई.”

दादा चिडला. “एवढ्या लांब आलो, दोन घास तरी खा.”

ती रडत बाहेर गेली. तसंच आष्टीला परत आलो.

घरी आई दादाला म्हणाली, “तिच्या आईला फोन लाव. ती दाखवंल तसं मी करते.”

व्हिडिओवर बघत आईनं मक्याची पातळ भाकरी थापली. वहिनीनं ती उभ्यानंच खाल्ली, दुसरी मागितली. दादा मान खाली घालून बसलाय.

पुण्यात ओहाकाकडचं खरं जेवण मिळतं का कुठं?